काळ्या रानासाठी गाडी घेताना: सोलापूरकरांसाठी ऑल व्हील ड्राइव्ह छोट्या एसयूव्हीची निवड

माझ्या गाडीचं चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, फुटलं ते भर पावसाळ्यात नव्हे, डिसेंबरात. लांबोटीच्या पुढे पुणे हायवे सोडला की आमच्या शेतापर्यंत साडेचार किलोमीटर आहेत. थोडं डांबर, मग मुरूम आणि शेवटचे सातशे मीटर काळ्या रानातली पाणंद. पावसाळा संपता संपता त्या पाणंदीतून उसाच्या ट्रॉल्या गेल्या, हातभर खोल चाकोऱ्या पडल्या आणि पुढच्या दोन महिन्यांच्या उन्हात त्या वाळून दगड झाल्या. चाकं चाकोरीत, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला, आणि एका ठिकाणी खट्ट आवाज. उतरून मागे पाहिलं तर भेगाळलेल्या मातीवर ऑइलची काळी रेघ माझ्यामागून आली होती. इंजिन तिथंच बंद केलं म्हणून वाचलं. गाडी 'एसयूव्ही' म्हणूनच घेतलेली, दिसायला उंच, पण ताकद फक्त पुढच्या चाकांना. त्याच गाडीनं पुढच्या पावसाळ्यात दोनदा शेजारच्या वस्तीवरच्या आप्पांचा ट्रॅक्टर बोलवायला लावला.

त्यानंतर गाडी बदलायची ठरवली आणि जवळपास वर्षभर गाड्यांच्या खाली वाकून बघितलं. सोलापूर जिल्ह्यात ज्यांचं रोजचं येणं-जाणं डांबरावर आहे, पण शेवटचा टप्पा शेतात, वस्तीवर किंवा ओढ्यापलीकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की शोरूमला जायची वेळ बऱ्याच उशिरा येते. आधी रस्ता मोजायचा, मग गाडी बघायची.

पहिली पायरी: आपला रस्ता पायी चाला

गाडीत बसून रस्ता कळत नाही. एकदा पायी जा. सोबत मेजर टेप आणि मोबाइल असला की पुरे. चार गोष्टी टिपून ठेवा: माती कुठली आहे, चाकोरी किती खोल आहे, सगळ्यात वाईट चढ कुठे आहे आणि पाणी कुठे साठतं. चाकोरीची खोली मोजताना चाक जिथे बसतं तिथपासून मधल्या उंचवट्याच्या माथ्यापर्यंत मोजा. माझ्या पाणंदीत ती सर्वात वाईट जागी २१ सेंटिमीटर भरली. हा आकडा पुढे फार कामाला येतो.

मातीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सोलापुरात गाडीची निवड इथेच निम्मी ठरते. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की ही माती टायरला नुसती लागत नाही, थरावर थर चढत जातो. टायरच्या नक्षीतल्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत होतं आणि मग चार चाकं फिरली काय किंवा दोन, घसरायचं ते घसरतंच. आणखी फिरवलं तर चाक आणि मडगार्डमधली जागा भरते आणि चाक जाम होतं. मंगळवेढ्याकडचं ज्वारीचं खोल काळं रान ज्यांनी पावसात पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. तिथे पायातली चप्पलसुद्धा निघून मातीत राहते.

उलट सांगोल्याकडे बरंच रान मुरमाड आणि माळाचं. पाणी निचरून जातं, चाकाला पकड मिळते. तिथला त्रास वेगळा: टोकदार दगड, खडी आणि वेड्या बाभळीचे काटे. अशा रस्त्याला ऑल व्हील ड्राइव्हपेक्षा, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळण्यापेक्षा, उंची आणि टायर जास्त उपयोगी पडतात. करमाळा, माढा, पंढरपूर, माळशिरस या ऊस पट्ट्यात गाळप सुरू झालं की ट्रॉलीच्या चाकोऱ्या हाच मुख्य शत्रू. अक्कलकोट, बार्शीकडे एकाच रस्त्यावर काळं रान आणि माळ दोन्ही भेटतात. म्हणून मित्रानं अमुक गाडी घेतली आणि ती छान चालते, या सांगण्याला तालुका जोडून बघा.

एकच रस्ता दोनदा बघता आला तर फार बरं. एकदा मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत. पावसात गाडी रुतते, हिवाळ्यात गाडी फुटते.

दुसरी पायरी: ताकद चाकांपर्यंत कशी जाते ते समजून घ्या

हे समजलं नाही तर शोरूममधला मुलगा जे सांगेल ते खरं वाटतं.

बाजारातल्या बहुतेक छोट्या एसयूव्ही पुढच्या चाकांवर चालतात. डांबरावर यात काहीच वाईट नाही. अडचण चढावर येते. ओढ्यातून वर चढताना गाडीचं वजन मागे सरकतं. त्यात मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत डाळिंबाचे दोन क्रेट असतील तर पुढची चाकं आणखी हलकी होतात आणि जागेवर फिरायला लागतात. ज्या चाकांवर वजन आहे त्यांना ताकद नाही आणि ज्यांना ताकद आहे त्यांच्यावर वजन नाही. ऑल व्हील ड्राइव्हचा सगळ्यात मोठा फायदा मला या जागी मिळतो, चिखलात नव्हे.

छोट्या एसयूव्हीतली ऑल व्हील ड्राइव्ह अशी चालते: इंजिन पुढे आडवं बसवलेलं, तिथून ताकद नेणारा एक दांडा, प्रोपेलर शाफ्ट, मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या, अलीकडे एक इलेक्ट्रॉनिक कपलिंग असतं. त्यात क्लचसारख्या प्लेटा असतात. पुढचं चाक घसरतंय असं सेन्सरनं सांगितलं की प्लेटा आवळल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. चालकाला वेगळं काही करावं लागत नाही, डांबरावर ओल्या वळणातही ही पद्धत कामाला येते. तिची मर्यादा अशी की सतत पाच-दहा मिनिटं चिखलात चाकं फिरवत राहिलात तर प्लेटा तापतात आणि कपलिंग स्वतःला वाचवण्यासाठी सुटतं. मग गाडी पुन्हा फक्त पुढच्या चाकांची होते, तीही नेमकी नको त्या क्षणी. शिवाय या गाड्यांत लो रेंज नसतो, म्हणजे अगदी सावकाश, भरपूर जोर लावून वर चढण्यासाठीचा वेगळा गिअर नसतो.

फोर बाय फोर म्हणतात ती पद्धत वेगळी. लॅडर चासी म्हणजे शिडीसारखी लोखंडी चौकट, ट्रान्स्फर केस म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी, लिव्हर ओढून किंवा बटण दाबून पुढचा आणि मागचा अॅक्सल एकत्र जोडायचा, आणि लो रेंज. ही चिवट असते. पण या जोडणीत पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला वेगवेगळ्या गतीनं फिरायला वाव नसतो. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळण घेतलं की सगळ्या यंत्रणेवर ताण येतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. तशीच चालवत राहिलात तर मोठा खर्च. डांबर लागलं की परत टू व्हीलवर आणायचं, ही सवय घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला लागली पाहिजे. घरात तिघं-चौघं गाडी चालवत असतील तर हा मुद्दा हलका समजू नका.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी. एका अॅक्सलवरची दोन चाकं डिफरन्शियलनं जोडलेली असतात आणि ताकद सोप्या वाटेनं, म्हणजे हवेत लटकलेल्या चाकाकडे पळते. म्हणून घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्याकडे ढकलणारी यंत्रणा गाडीत आहे का, हे नक्की विचारा. खड्ड्यात तिरपी उतरताना जेव्हा एक पुढचं आणि एक मागचं चाक उचललं जातं, तेव्हा गाडी याच यंत्रणेवर बाहेर येते.

तिसरी पायरी: उंची स्वतः मोजा

जाहिरातीतला ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या मोकळ्या उंचीचा, आकडा वाचून मी एकदा फसलो आहे. बरेचदा तो रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी खाली बसते, मागून जास्त.

मी काय केलं ते सांगतो. टेस्ट ड्राइव्हची गाडी सपाट फरशीवर उभी केली. घरचे चौघं आत बसवले, डिकीत पाण्याचे दोन भरलेले जार ठेवले. मग सतरंजी टाकून खाली झोपलो आणि टेपनं तीन जागा मोजल्या: इंजिनचं चेंबर किंवा त्याखालचं गार्ड, मधला सायलेन्सर पाइप, आणि मागच्या अॅक्सलची किंवा डिफरन्शियलची सगळ्यात खालची जागा. सेल्समनला हे विचित्र वाटलं, पण त्यानं अडवलं नाही. या तिन्हीतला सगळ्यात छोटा आकडा तो तुमच्या कामाचा. तो पाणंदीतल्या चाकोरीच्या आकड्यापेक्षा किमान दोन-तीन सेंटिमीटरनं मोठा हवा. नसेल तर चाकोरीत चाकं न घालता चालवायला शिकावं लागेल: एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर, दुसऱ्या बाजूची कडेला. रस्ता रुंद असेल तरच ते जमतं.

उंचीइतकाच पुढच्या बंपरचा कोन महत्त्वाचा. ओढ्याच्या तळाशी उतरून लगेच समोरचा चढ लागतो तिथे बंपर मातीत घुसतो आणि क्लिपा तुटतात. मारुती जिमनीचा हा कोन ३६ अंश आहे. शहरी धाटणीच्या गाड्यांचा पुढचा भाग लांब आणि खाली उतरलेला असतो, त्यामुळे त्यांचा कोन बराच कमी भरतो. दोन चाकांमधलं अंतरही बघा. बांधावरून गाडी घालताना ते जितकं कमी तितकं पोट टेकायची भीती कमी. पंचायतीनं रस्त्यात आडवी नळी टाकून वर मातीचा ढीग केलेला असतो, तिथेही हेच.

चौथी पायरी: टायर

पैसे कमी असतील तर आधी टायरवर खर्च करा, असं मी अगदी मनापासून सांगेन.

टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा वाचायला शिका. २१५/६० आर १७ म्हणजे टायर २१५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत त्याच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर, आणि रिम १७ इंचांची. १९५/८० आर १५ मध्ये भिंत १५६ मिलिमीटर भरते. भिंत उंच तितका दगडाचा धक्का टायर गिळतं, रिमपर्यंत पोचू देत नाही. १८ इंची चकचकीत रिम असलेलं महागडं व्हेरिअंट शहरात देखणं दिसतं, पण खड्डेवाल्या रस्त्यावर तेच आधी वाकतं. त्याच गाडीचं लहान रिमवालं व्हेरिअंट मिळत असेल तर मी तेच घेईन.

नक्षीचे ढोबळ तीन प्रकार. गाडीसोबत येतात ते डांबराचे. ऑल टेरेन म्हणजे मुरूम, खडी आणि हलका चिखल यांसाठी, डांबरावर थोडा आवाज आणि थोडं मायलेज कमी. मड टेरेनच्या मोठ्या खाचा फिरता फिरता चिखल बाहेर फेकतात, पण हायवेवर घुंघुं आवाज आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना पकड कमी. रोज सोलापूर ते मोहोळ हायवेनं जाणाऱ्यानं मड टेरेन लावू नयेत. ऑल टेरेन पुरे आहेत. बाभळीचा काटा मात्र कुठल्याही टायरच्या नक्षीतून गेला तर पंक्चर निघतं, बाजूच्या भिंतीतून गेला तर टायरच टाकून द्यावा लागतो. म्हणून झुडपांना घासून गाडी वळवू नका आणि स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते गाडी घेतानाच बघा. काही गाड्यांत ती लहान, तात्पुरती दिलेली असते.

ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने लावले तर त्यांच्या घेरात फरक पडतो, गाडीला वाटतं चाक घसरतंय, आणि ते कपलिंग विनाकारण काम करत राहतं. म्हणून ठरावीक अंतरानंतर चाकांची अदलाबदल करायचीच. टायर कधीचं आहे हे बाजूच्या चार आकड्यांवरून कळतं: २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सोलापूरच्या चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात रबर लवकर कडक होतं, नक्षी शिल्लक दिसली तरी जुन्या टायरवर विश्वास ठेवू नका.

पाचवी पायरी: बाजारात काय मिळतं

खरी ऑल व्हील ड्राइव्ह असलेल्या छोट्या एसयूव्ही आपल्याकडे थोड्याच आहेत. ह्युंदाईची क्रेटा किंवा कियाची सेल्टोस घ्यायची म्हटली तर भारतात त्या फक्त पुढच्या चाकांवर मिळतात, कितीही वरचं व्हेरिअंट घेतलं तरी.

मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या आतून बहिणी-बहिणी. २०२२ साली आल्या. दोन्हींत १.५ लिटर पेट्रोल इंजिनाला ऑल व्हील ड्राइव्ह जोडून मिळते, स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे पेट्रोलसोबत बॅटरीच्या मोटरवरही चालणाऱ्या गाडीला, आणि सीएनजीला नाही. अनेकांना वाटतं सगळ्यात महागडी हायब्रिड घेतली की सगळं आलं. तसं नाही. सुरुवातीला ऑल व्हील ड्राइव्ह मॅन्युअल गिअरमध्ये होती, २०२५ पासून ऑटोमॅटिकमध्ये आली. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे चार मोड आहेत. सोलापुरात बर्फ नाही, पण ओल्या मुरमावर आणि चिखलावर 'स्नो'च वापरायचा, त्यात ताकद हलक्या हातानं सोडली जाते. 'लॉक' अडकलेल्या गाडीसाठी. इंजिन साधारण १०३ पीएसचं, पाच माणसांनिशी चढावर रेस जास्त द्यावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या मारुती व्हिक्टोरिसमध्येही हीच पद्धत मिळते. ज्यांचा ९० टक्के प्रवास डांबरावर आणि शेवटी मुरूम, ओढा, थोडा चिखल, त्यांना मी हा गट सुचवतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चढायला-उतरायला सोपी, मागची सीट आरामशीर.

जिमनी २०२३ मध्ये आली. चार मीटरच्या आत, लॅडर चासी, लो रेंज, ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, वजनाला हलकी. हलकी असणं चिखलात फार मोठा गुण आहे, जड गाडी जिथे खचते तिथून ही वरच्यावर निघून जाते. पण चौघांचीच गाडी, आणि चौघं बसल्यावर डिकीत फार काही मावत नाही. कंपनीनं सांगितलेलं मायलेज मॅन्युअलला १६.९४. शेत हेच मुख्य काम असेल आणि पाणंद खरोखर वाईट असेल तर माझ्या मते या मापात हिच्यासारखी दुसरी नाही.

महिंद्रा थार, आणि २०२४ पासून पाच दारांची थार रॉक्स. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, डिझेल इंजिनाचा जोर भरपूर. इथे एक फसगत टाळा: प्रत्येक थार फोर बाय फोर नसते. १.५ डिझेलवाली स्वस्त थार फक्त मागच्या चाकांवर चालते, आणि रॉक्समध्ये फोर बाय फोर हवी असेल तर डिझेलच घ्यावी लागते. मागच्या चाकांवरची रिकामी थार ओल्या काळ्या मातीत रुतलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि तिच्या मालकाला तोपर्यंत आपली गाडी फोर बाय फोर नाही हे माहीत नव्हतं. करारावर व्हेरिअंटचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय सही करू नका.

खर्चाचं गणित पटकन सांगतो. ग्रँड विटारा आली तेव्हा एकाच व्हेरिअंटमध्ये ऑल व्हील ड्राइव्हसाठी दीड लाख जास्त मोजावे लागत होते. मॅन्युअल गाडीचं कंपनीचं मायलेज २१.११ वरून १९.३८ वर येत होतं. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले तर साठ-पासष्ट लिटर पेट्रोल जास्त. पेट्रोलचा फरक फारसा नाही, दीड लाखाचा विचार करायचा. तुमचा रस्ता मुरमाड असेल आणि वाईट चढ नसेल, तर ते पैसे वाचवून चार चांगले ऑल टेरेन टायर, जाड लोखंडी चेंबर गार्ड आणि हवा भरायचा पंप घ्या. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यात होतं. पहिल्या गाडीच्या वेळी मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

सहावी पायरी: चालवून बघताना

होटगी रोडवर किंवा विजापूर रोडवर एक चक्कर मारून आणलेली टेस्ट ड्राइव्ह काही सांगत नाही. शोरूमवाल्याला आधीच फोन करून सांगा की घरची माणसं घेऊन कच्च्या रस्त्यावर चालवायची आहे. चिखलात गाडी घालू देणार नाहीत, ते रास्तच आहे, पण मुरमाचा रस्ता आणि एखादा चढ बहुतेक ठिकाणी मान्य करतात.

चढाच्या मध्यात थांबा, ब्रेक सोडा, पुन्हा निघा. पुढची चाकं खडी उडवतात का, की गाडी शांतपणे उचलली जाते, हे काच खाली करून ऐका. त्याच चढावर तीच चाचणी पुढच्या चाकांवरच्या गाडीनं करून बघितलीत तर फरक लगेच कळेल. मग खड्ड्यांच्या रस्त्यावर मागच्या सीटवर स्वतः बसा आणि दुसऱ्याला चालवू द्या. गाडी घेणारा सहसा मागे बसून बघतच नाही आणि पहिल्याच पंढरपूर वारीला आईची पाठ धरते. स्टेबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, बंद करायचं बटण कुठे आहे तेही विचारून ठेवा. चिखलात चाक जरा फिरू द्यावं लागतं, आणि ती यंत्रणा नेमकी तेव्हाच ताकद कापते.

जुनी गाडी घेत असाल तर

रेनॉ डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह २०१४ मध्ये आली, डिझेल आणि सहा गिअरची. लो रेंज नव्हता, पण पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवलेला, त्यामुळे चढावर सावकाश जोर लागायचा. खडबडीत रस्त्यावर इतकी शांत बसणारी गाडी त्या किमतीत पुन्हा मिळाली नाही असं माझं मत आहे. अजून जुन्या बाजारात दिसते. घेताना वयाचा हिशेब धरा: २०१५ ची गाडी घेतली तर तिची पंधरा वर्षांची नोंदणी २०३० मध्ये संपते. मागच्या डिफरन्शियलचं सील गळतंय का, प्रोपेलर शाफ्टचा खडखड आवाज येतो का, चारही टायर एकाच जातीचे आहेत का, हे बघा. मग लॉकवर टाकून मुरमाच्या चढावर मागची चाकं खरंच ओढतात का तेही तपासा. बरेच मालक ती यंत्रणा वर्षानुवर्षं वापरतच नाहीत, बिघडली तरी त्यांना कळत नाही.

आणि आपल्याकडे आता एक तपासणी वाढली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला, कित्येक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. कुठलीही जुनी गाडी, मग एमएच १३ असो वा एमएच ४५, घ्यायच्या आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग असेल तर गाडी बुडालेली आहे. धुणारा माणूस आतून सगळं चकाचक करतो, पण पट्टा शेवटपर्यंत ओढून धूत नाही. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेली बारीक माती आणि कार्पेटखालचा कुबट वास या आणखी तीन खुणा.

पाणी आणि विमा

ऑल व्हील ड्राइव्ह आहे म्हणून फरशी पुलावरच्या वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणीसुद्धा छोट्या गाडीला उचलायला लागतं, चार चाकांना ताकद असली तरी खाली टेकायला जमीनच उरत नाही. थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं कंपनी सांगते, तो आकडा संथ पाण्याचा समजा, पुराचा नव्हे. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं वाढीव कलम घ्या, नदीकाठच्या गावांत तर न चुकता.

गाडी घरी आल्यावर

पुढच्या-मागच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं. ते उघडून ओढायची हूक पेचानं बसवायची असते. हूक बहुधा स्टेपनीजवळ मिळते. गाडी रुतायच्या आधी, घराच्या अंगणात, एकदा ती बसवून बघा. माझ्या पहिल्या गाडीला अंधारात, पावसात कुणीतरी घाईनं चेन चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मला बांधली. आप्पांनी ट्रॅक्टर पुढे घेतला, गाडी निघाली पण आर्म वाकला आणि पुढचं चाक तिरकं झालं. आता आप्पा आधी उतरून टॉर्च मारतात, हूक बघतात आणि मला म्हणतात, "सर, तुम्ही नुसतं स्टिअरिंग सरळ धरा, रेस अजिबात करू नका." ट्रॅक्टर ओढत असताना चाकं फिरवली तर गाडी उसळी मारते, म्हणून त्यांचं ऐकायचं.

रुतायच्या बेतात असताना टायरमधली हवा कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलं असेल तर २२ पर्यंत उतरवा, टायर पसरतं आणि कमी रुततं. पण डांबराला लागताच पंपानं भरून घ्या. आपल्या उन्हात कमी हवेवर हायवे धरला तर टायर तापून फुटतो.

गाडी बंद पडली आणि ओढून न्यायची वेळ आली तर ऑल व्हील ड्राइव्ह गाडी चारही चाकं उचलून, सपाट ट्रकवरच न्यायची. दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर कपलिंग जळू शकतं. विम्याच्या मदत क्रमांकावर बोलताना हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर ते जवळची साधी क्रेन पाठवतात.

सर्व्हिसिंगला इंजिन ऑइलसोबत मागच्या डिफरन्शियलचं आणि ट्रान्स्फरचं ऑइलही ठरल्या अंतराला बदललं का ते बिलावर बघा. ते लक्षात आणून द्यावं लागतं, मला तरी दोनदा द्यावं लागलं. दिवाळीच्या सुमारास पाऊस पूर्ण थांबला की गाडी रॅम्पवर घेऊन खालून प्रेशरनं धुवा. चेंबर गार्डच्या आत काळी माती वाळून बसते, ऑइल गळत असलं तरी ती पिऊन घेते आणि गळती दिसत नाही. गार्ड उतरवूनच धुवायला सांगा. माती निघाली की अॅक्सलच्या रबरी बुटांना चीर गेली आहे का ते हातानं चाचपून बघा. बूट दोन-चारशेचा असतो, फाटलेल्या बुटातून माती आत गेली तर आख्खा अॅक्सल बदलावा लागतो.